शहरातल्या रानभाज्या : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की मोकळ्या प्लॉटवर हिरवळ उठते आणि फोटो यायला लागतात : "ही खायची का?" संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूर, बीड, कुठूनही आले तरी प्रश्न बरेचसे तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अवघड. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शहरात रानभाजी मिळते तरी कुठे? त्यासाठी रानातच जावं लागेल ना?

नाही. यातल्या बहुतेक भाज्या म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत तण. जिथे माती उकरली जाते आणि थोडी ओल असते तिथे त्या आपोआप उगवतात. घराचं अंगण, गच्चीवरच्या कुंड्या, परसातला नळाचा कोपरा, सोसायटीची न फवारलेली बाग, ओळखीच्या माणसाचा कुंपण घातलेला प्लॉट आणि शहराला लागून असलेलं नातेवाइकांचं वावर, या जागा उत्तम. रिकामी जागा दिसली म्हणजे ती भाजीची जागा झाली असं मात्र नाही. प्रश्न ४ वाचल्याशिवाय खुडायला सुरुवात करू नका.

२. मला एकही ओळखता येत नाही. सुरुवात कशापासून करू?

तीनच घ्या : घोळ, तांदुळजा, तरोटा. पहिल्या पावसाळ्यात एवढ्याच. त्या रोपापासून बीपर्यंत सगळ्या अवस्थांत ओळखता आल्या की पुढच्या वर्षी कुंजर, केना, पाथरी घ्या. पंचवीस भाज्यांचं चित्र पाहून बाहेर पडणारा माणूसच चुकतो.

घोळ जमिनीलगत पसरते. खोड मांसल, गुळगुळीत, बहुधा तांबूस. पानं जाडसर, चमच्यासारखी, टोकाला गोल. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, उन्हात काही तासच उघडणारं. बारीक पानाची असते ती चिघळ, तीही खातात.

तांदुळजा उभा वाढतो. पानं एकाआड एक, लांब देठाची, टोकाशी किंचित खाच असलेली. शेंड्याला हिरवे बारीक तुरे येतात. पानाच्या बेचक्यात दोन टोकदार काटे असतील तर तो काटेमाठ. तोही खाता येतो, पण कोवळे शेंडेच आणि हात सांभाळून.

तरोटा म्हणजेच कोकणातला टाकळा. एका देठावर पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकाची जोडी सगळ्यांत मोठी, पर्णिका टोकाला रुंद व गोलसर. संध्याकाळी पानं मिटतात. चोळल्यावर उग्र वास येतो, शिजवल्यावर तो जातो. याच्यासारखी दिसणारी दोन झाडं आहेत, त्यांच्यासाठी प्रश्न ९.

३. खुडायची योग्य वेळ कोणती?

मराठवाड्यात मुख्य हंगाम जूनअखेर ते ऑगस्ट. बी रुजल्यापासून तीन ते पाच आठवड्यांत पान सर्वांत चांगलं असतं. तरोटा फुलावर येण्याआधी, साधारण वीतभर उंचीचा असताना खुडावा. नंतर पान चिवट आणि कडवट होतं. आघाडाही तुरा यायच्या आधीच, एकदा काटेरी कणीस आलं की भाजीचा उपयोग संपला. पाऊस लांबला तर हंगामही सरकतो, म्हणून तारीख पाहण्यापेक्षा झाड पाहावं. पाथरी आणि चाकवत हिवाळ्यात, रब्बीच्या ओलीवर. उन्हाळ्यात चिंचेचा कोवळा पाला (तेलंगणाच्या सीमेकडे चिगूर) आणि ठिबकणाऱ्या नळाखालची घोळ, एवढंच.

मुळासकट उपटू नका. नखाने वरचे चार-सहा बोटं शेंडे खुडले तर दहा-बारा दिवसांत बाजूचे फुटवे येतात आणि मुळाची माती भाजीत येत नाही.

४. कोणत्या जागेवरची भाजी अजिबात घ्यायची नाही?

शहरात भाजी ओळखणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे जागा ओळखणं. घोळ खरी घोळच असते, पण ती कशावर वाढली हे तिच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

मोठ्या रस्त्याची कड नको. शिसंविरहित पेट्रोल देशभर २००० साली आलं, पण आधीच्या काळात धुरातून पडलेलं शिसं मातीच्या वरच्या थरात तसंच धरून राहतं. ते कुजत नाही, उडून जात नाही. शिवाय टायर आणि ब्रेकची भुकटी रोज पडतेच. वर्दळीच्या रस्त्यापासून निदान तीस मीटर आत, आणि मध्ये भिंत किंवा दाट झाडी असेल तर बरं.

सांडपाण्याचा काठ नको. संभाजीनगरची खाम, सुखना किंवा कुठल्याही शहरातला नाला, तिथे उन्हाळ्यातही भाजी तरारलेली दिसते आणि म्हणूनच मोह होतो. नाळीची भाजी पाण्यातच वाढते आणि पाण्यातले जड धातू उचलून घेते. नाल्याकाठच्या अळूचंही तेच.

औद्योगिक वसाहतीचा परिसर, भंगाराची आणि जुन्या बॅटऱ्यांची दुकानं, गॅरेजच्या मागची जागा, रंग खरवडलेल्या जुन्या भिंतीचा पाया, कचरा जाळायची जागा, कचरा डेपो, रेल्वेरुळाची कड (तिथे तणनाशक मारतात), हे सगळं वगळा. बांधकामाच्या राडारोड्याने भरलेला प्लॉटही वगळा. वरून काळी माती दिसते, खाली काय टाकलंय ते कुणालाच ठाऊक नसतं.

जागेचा दहा वर्षांचा इतिहास सांगणारा कुणी भेटत नसेल तर तिथली भाजी सोडून द्यावी. ती ढोरांनाही नको.

५. तणनाशक मारलंय हे दिसून येतं का?

उशिरा दिसतं, हीच अडचण आहे. ग्लायफोसेट मारल्यावर पहिले काही दिवस झाड हिरवंगार असतं, मग शेंडे पिवळे पडतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत तपकिरी होतं. २,४-डी मारलेलं झाड पिळवटतं, देठ वाकडे होतात, पानं गुंडाळतात. सोयाबीनच्या वावरात इमॅझेथापायर फवारलं असेल तर शेंडा थांबतो, नवी पानं पिवळट-जांभळट आणि लहान राहतात. यातलं एक जरी चिन्ह दिसलं तर त्या अख्ख्या तुकड्यातलं काहीच घेऊ नका, शेजारचं निरोगी दिसणारं झाडसुद्धा नको.

चिन्ह नसणं हा पुरावा नव्हे. शहराच्या कडेला सोयाबीन आणि कापसाची वावरं आहेत, आणि फवारणीचा काळ आपल्या खुडणीच्या काळाशी नेमका जुळतो. वावराच्या मालकाला किंवा सोसायटीच्या माळ्याला सरळ विचारा : "औंदा औषध मारलं का, आणि कधी?" फवारलेली जागा त्या हंगामापुरती सोडावी.

६. मिठाच्या पाण्यात धुतली की सगळं निघून जातं ना?

माती, अळ्या, गोगलगायीची पिल्लं, धूळ आणि बरेचसे जंतू निघतात. झाडाच्या आत गेलेलं शिसं किंवा तणनाशक निघत नाही, शिजवूनही जात नाही. म्हणून जागेची निवड धुण्याने भरून निघत नाही.

धुण्याची रीत : आधी निवडा, मग धुवा. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन भाजी बुडवा, पाच मिनिटं तशीच राहू द्या म्हणजे माती तळाशी बसेल, आणि भाजी वरून उचलून घ्या. पातेलं उपडं केलं तर माती परत भाजीवर येते. तळाला खर लागेनाशी होईपर्यंत, साधारण तीन पाणी. चिरायची ती धुतल्यावर.

७. मोकळा प्लॉट किंवा बाग आहे, कुणी अडवलं तर?

खासगी प्लॉटवर मालकाला विचारा, त्यातच फवारणीची माहितीही मिळते. महापालिकेच्या बागेत किंवा विद्यापीठाच्या आवारात परवानगीशिवाय खुडू नये. गौताळा-औट्रमघाटसारख्या अभयारण्यातून पालाही आणता येत नाही, तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे.

८. आमच्याकडे हिला वेगळंच नाव आहे. मग बरोबर कोणतं?

सगळीच बरोबर, आणि म्हणूनच नावावर विसंबू नका. पुनर्नवेला कुठे घेटुळी म्हणतात, कुठे खापरखुटी, कुठे वसू. तांदुळजाला कुणी तांदळी म्हणतं. उलटही होतं, दोन वेगळ्या झाडांना एकच नाव असतं : रानटाकळा हे नाव कुणी कासविंद्याला देतात, आणि तिथेच घोटाळा होतो (प्रश्न ९). शेजारच्या आजी "हीच आमची भाजी" म्हणाल्या तर त्यांना झाड हातात घेऊन दाखवायला सांगा. फोनवर नाव सांगून खात्री होत नाही.

शास्त्रीय नावं देवनागरीत : घोळ, पोर्टुलाका ओलेरेशिया. तांदुळजा, अमरँथस व्हिरिडिस. तरोटा, सेना टोरा. कुंजर, डायजेरा म्युरिकाटा. केना, कॉमेलिना बेंगालेन्सिस. पाथरी, लाउनिया प्रोकम्बेन्स. पुनर्नवा, बोर्‍हाविया डिफ्यूजा.

९. तरोटा म्हणून आणलं, पण पानावर लव आहे. चालेल का?

नको. तो बहुधा अमेरिकेतून आलेला सेना युनिफ्लोरा आहे. आता रस्त्याकडेला आणि माळावर त्याचे गालिचेच पसरलेत, आणि पुष्कळ ठिकाणी त्याने मूळ तरोट्याला हटवलंय. त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर सोनेरी-तपकिरी दाट लव असते. शेंगा आखूड, चपट्या, बियांच्या मध्ये आवळलेल्या. खऱ्या तरोट्याची शेंग लांब, बारीक, धनुष्यासारखी वाकडी.

दुसरा आणि जास्त धोक्याचा म्हणजे कासविंदा, सेना ऑक्सिडेंटॅलिस. पर्णिकांच्या चार-पाच जोड्या आणि प्रत्येक पर्णिका टोकाला निमुळती. तरोट्याची पर्णिका टोकाला रुंद असते, हा फरक पक्का लक्षात ठेवा. कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावण्याच्या ज्या साथी आल्या त्यांचा संबंध या शेंगांतल्या बिया खाण्याशी लागला. यकृत, स्नायू आणि मेंदूवर एकदम आघात होतो. पोरं खेळता खेळता शेंगा सोलतात, त्यामुळे अंगणात हे झाड दिसलं तर शेंगा धरायच्या आतच उपटून टाका.

मोजायचा नियम साधा : तीन जोड्या, गोल टोक, लव नाही. तिन्ही जुळलं तरच टोपलीत.

१०. खोड मोडल्यावर पांढरा चीक आला. ही घोळ आहे का?

नाही. घोळीतून पाणचट, किंचित चिकट रस येतो, पांढरा चीक कधीच नाही. चीक आला तर ती जमिनीलगत पसरणारी दुधी आहे. तिची पानं पातळ, लहान आणि समोरासमोर असतात. कुंजरासोबतही असंच होतं, शेतात सरसकट उगवणारी दुधाणी तिच्यात मिसळून येते. दर मुठीतलं एक खोड मोडून पाहा.

अपवाद एक आहे आणि तो माहीत नसला तर चांगली भाजी फेकली जाते : पाथरीला पांढरा चीक असतोच. ती जमिनीला चिकटून चक्रासारखी पसरते, पानाच्या कडा कातरलेल्या, फूल पिवळं. म्हणजे "चीक म्हणजे विष" हा सरसकट नियम नव्हे, तो घोळ, कुंजर, तांदुळजा यांच्यापुरता आहे.

घोळीसारखंच मांसल पण पान मोठं आणि गोल, फूल देठाच्या बेचक्यात बसलेलं आणि गुलाबी-पांढरं दिसलं तर ती पांढरी घेटुळी, ट्रायँथेमा. समोरासमोरच्या दोन पानांत एक मोठं, एक लहान. काही घरांत तिची कोवळी पानं खातात, पण जून झालेल्या पाल्याने जुलाब होतात. नवशिक्याने सोडून द्यावी.

११. जुडीत एखादं विषारी पान चुकून आलं तर कळेल कसं?

तांदुळजा घाईने ओरबाडला की त्यात धोतऱ्याचं रोप येऊ शकतं. दोन्ही उकिरड्याच्या सुपीक मातीत वाढतात आणि लहानपणी दोन्ही मऊ हिरवी असतात. धोतऱ्याच्या पानाची कड नागमोडी किंवा दातेरी, देठाजवळ पानाच्या दोन बाजू कमी-जास्त आणि चोळल्यावर घाण वास. तांदुळजाची कड सरळ आणि वास नाही. काळी फळं येणाऱ्या कांगोणीची पानंही याच गर्दीत असतात. तिच्या हिरव्या फळांत विषारी द्रव्य असतं, म्हणून नवख्याने तिला हात लावू नये.

उपाय एकच : ओरबाडू नका, एकेक शेंडा खुडा. आणि घरी आल्यावर ताटात पसरून एकेक काडी निवडा. टीव्हीपुढे बसून नव्हे, उजेडात.

गाजरगवत मात्र भाजीत मिसळण्यापेक्षा हाताला त्रास देतं. फुलावर आलेल्या गाजरगवतात वावरल्याने खाज, पुरळ आणि काहींना दमा होतो. लांब बाह्या आणि हातमोजे घाला, किंवा ती जागा सोडा.

१२. गणपतीच्या पत्रीतली पानं देवाला चालतात, मग ती खायलाही चालतील ना?

मुळीच नाही. एकवीस पत्रींत आघाडा आहे, माका आहे, अगस्ती म्हणजे हादगा आहे, आणि त्याच यादीत धोतरा, रुई आणि कण्हेरही आहेत. कण्हेरीचं पान हृदयाचे ठोके बिघडवतं, थोडंसंही घातक. पूजेनंतर पत्री स्वयंपाकघरात ठेवू नका, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

महालक्ष्म्यांच्या नैवेद्याच्या सोळा भाज्या आणि ऋषिपंचमीची बैलाच्या कष्टाविना पिकलेली भाजी ही वेगळी गोष्ट. त्यात खाण्याच्याच भाज्या असतात आणि त्या दिवसांत तांदुळजा, घोळ, केना ऐन भरात असतात. फक्त त्या दिवशी घाईत, अंधारात, अनोळखी जागेवरून संख्या भरू नका.

१३. शिजवायची कशी? कडू झाली, चिकट झाली.

तरोट्यासाठी : निवडलेला पाला पाव किलो, मूगडाळ पाव वाटी (अर्धा तास भिजवून), लसूण आठ-दहा पाकळ्या, हिरव्या मिरच्या तीन, तेल दोन मोठे चमचे, शेंगदाण्याचा कूट दोन चमचे. पाला उकळत्या पाण्यात तीन मिनिटं ठेवून पिळून घ्या, पाणी टाकून द्या. कडूपणा बराचसा तिथेच जातो. मग लसूण-मिरचीच्या फोडणीत डाळ अर्धवट शिजवा, पाला घाला, झाकण न ठेवता परता, शेवटी कूट आणि मीठ. मीठ आधी घातलं तर जास्त होतं, कारण पाव किलोचा ढीग वाटीभर होऊन बसतो. सोबत ज्वारीची भाकर.

घोळ आणि केना चिकट होतात ते पाणी घातल्यामुळे. धुतल्यावर फडक्यावर कोरड्या करा, चिरून थेट गरम तेलात टाका. घोळीचं ताकातलं गरगटं किंवा केन्याच्या अख्ख्या पानांची भजी केली तर चिकटपणा जाणवतच नाही. कुंजर आणि तांदुळजा उकडून टाकायची गरज नाही. पाथरी कच्ची, मीठ-तेल लावून भाकरीसोबत खातात. पण शहरातली पाथरी कच्ची खायची तर ती स्वतःच्या कुंडीतलीच असावी.

अळूने घसा खवखवतो तो पानातल्या सुईसारख्या कणांमुळे. भरपूर चिंच घालून मऊ होईपर्यंत शिजवा.

१४. तीच घोळ एकदा आंबट लागते, एकदा नाही. असं का?

खुडायच्या वेळेमुळे. पाण्याचा ताण पडला की घोळ रात्री हवा आत घेऊन तिचं आम्ल साठवते आणि दिवसा उन्हात ते वापरून टाकते. त्यामुळे पहाटे खुडलेली आंबट, संध्याकाळची सौम्य. उघडीप पडल्यावर हा फरक जास्त जाणवतो. आमटीत घालायची तर सकाळी खुडा, परतायची तर दुपारनंतर.

१५. मुतखडा आहे, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, घरात गरोदर बाई आहे. खावी का?

घोळ, तांदुळजा आणि आंबुशी यांत ऑक्झॅलेट जास्त असतं. मुतखडा झालेल्यांनी त्या टाळाव्यात. अधूनमधून खायचीच तर उकडून पाणी टाकून, दह्यासोबत, कारण दह्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच बांधतं. वॉरफेरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये, तिच्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम कमी होतो. मूत्रपिंड निकामी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, पालेभाज्यांत पोटॅशियम भरपूर असतं. गरोदरपणात तरोटा आणि पुनर्नवा टाळावी, तरोटा पोट सैल करतो.

धडधाकट माणसानेही नवी भाजी पहिल्यांदा दोन-तीन चमचेच, शिजवून, एका दिवशी एकच नवी भाजी खावी. दुसऱ्या दिवशीपर्यंत काही झालं नाही तर मग वाटीभर.

१६. मोबाइल ॲपने नाव दाखवलं, पुरेसं आहे का?

नाही. ॲप जवळचं नाव सुचवतं, खात्री देत नाही, आणि रोपावस्थेत हमखास चुकतं. फोटो पाठवून विचारायचं असेल तर पाच काढा : पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, खालची बाजू, खोड आणि पानाचा जोड, फूल किंवा शेंग. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. तरी शेवटचा निर्णय झाड प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा. जवळच्या महाविद्यालयातला वनस्पतिशास्त्र विभाग, कृषी विज्ञान केंद्र किंवा परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ इथे ताजी फांदी घेऊन जा. ९ ऑगस्टच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे भाजी हातात घेऊन पाहता येते.

१७. मंडईत बाया रानभाज्या विकतात, त्या घ्याव्यात का?

घ्याव्यात. गावाकडून आणणाऱ्या बाईची ओळख आपल्या पुस्तकी ओळखीपेक्षा पक्की असते. "कुठली आणली, मावशी?" एवढं विचारा. गावाचं आणि वावराचं नाव चटकन आलं तर चांगलं. घरी निवडताना प्रश्न १० आणि ११ मधली तपासणी तरीही करा.

१८. घरीच लावता येते का?

येते, आणि शहरात हाच सर्वांत निर्धास्त मार्ग. घोळीची चार बोटं काडी ओल्या मातीत खोचली की रुजते. तांदुळजाचं बी वरवर पेरून अगदी पातळ माती पसरा, पंचवीस दिवसांत पहिली खुडणी. तरोट्याचं बी टणक असतं, उगवत नाही अशी तक्रार त्यामुळेच येते. बी पॉलिश कागदावर घासा आणि रात्रभर भिजवून पेरा. बारा इंची कुंडी, निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत. कच्चं खत किंवा युरिया जास्त झालं तर तांदुळजाच्या पानात नायट्रेट साठतं, म्हणून हात आखडताच ठेवा. माती मात्र रस्त्याकडेची उचलून आणू नका, नाहीतर प्रश्न ४ घरातच येईल.

१९. खाल्ल्यावर त्रास सुरू झाला. काय करायचं?

तोंड कोरडं पडणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, बरळणं, ठोके वाढणं ही धोतऱ्याची लक्षणं. उलट्या आणि ठोके मंद किंवा अनियमित होणं कण्हेरीचं. लहान मूल गुंगीत जात असेल, ओकत असेल, झटके येत असतील तर कासविंद्याचा संशय धरा. कोणत्याही स्थितीत मीठपाणी पाजून उलटी काढू नका, दूध-तूप देऊ नका, वाट पाहू नका. १०८ वर फोन करा किंवा सरळ मोठ्या रुग्णालयात न्या. सोबत उरलेली भाजी, निवडून टाकलेला कचरा आणि शक्य असेल तर मूळ झाडाची फांदी प्लॅस्टिकच्या पिशवीत न्या. किती वाजता, किती खाल्लं आणि घरात आणखी कुणी खाल्लं ते कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्या. ज्यांना अजून त्रास नाही पण ज्यांनी तीच भाजी खाल्ली, त्यांनाही सोबत घेऊन जा.